ठरलेल्या लग्नाची पळापळ

"पीयूष, हे बघ आणि सांग, यातला जास्त मंगल कोणता वाटतो?"

शालिनीताईंनी चहाच्या कपाशेजारी कापडाचे दोन तुकडे ठेवले. दोन्ही लाल होते. पीयूषनं आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे पाहिलं, आणि शेवटी चहाकडे पाहिलं.

"डावीकडचा."

"तो मरून आहे. मरून फेटा कोण बांधतं?"

"मग उजवीकडचा."

"अरे नीट बघून तरी सांग! लग्न तुझं आहे की माझं?"

या प्रश्नाचं खरं उत्तर पीयूषला साखरपुड्याच्या दिवशीच समजलं होतं, पण ते त्यानं कधी तोंडातून बाहेर पडू दिलं नव्हतं. लग्न ठरलं की माणसाच्या चेहऱ्यावर तेज येतं असं बडोद्याच्या नागरवाड्यातल्या सगळ्या मावश्या म्हणत. पीयूषच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. केमिकल कंपनीतली रात्रपाळी त्याला आता विश्रांतीसारखी वाटायची. तिथे व्हॉल्व उघडा की बंद, एवढंच ठरवावं लागे; आणि एकदा बंद केला की तो बंद राहत असे.

घरात मात्र काहीच बंद होत नव्हतं. शालिनीताईंना लग्न शहरातल्या जुन्या हॉलमध्येच हवं होतं, कारण त्यांचं स्वतःचं तिथेच लागलं होतं. अवंतीच्या आईला, म्हणजे तरसालीच्या कमलाताईंना, घराजवळचा पार्टी प्लॉट, म्हणजे लग्नासाठीचं मोकळं मैदान, हवा होता, कारण जळगावकडचे पाहुणे गाड्या भरून येणार आणि त्या गाड्या जुन्या शहरातल्या गल्ल्यांत लावणार कुठे? शालिनीताईंना जेवणात श्रीखंड-पुरी हवी होती. कमलाताईंचं म्हणणं, वरण-बट्टीशिवाय त्यांच्याकडे कोणी लग्न झालं असं मानतच नाही. दोघी एकमेकींशी हे कधीच बोलत नसत. एकमेकींशी त्या फक्त तब्येतीची चौकशी करत. बाकीचं सगळं पीयूष आणि अवंतीमार्फत चाले.

"आई म्हणते, बट्टी जड पडते," असं पीयूष फोनवर सांगे.

"माझी आई म्हणते, श्रीखंडानं सर्दी होते," असं अवंती सांगे. मग "बरं, ठेवू?" म्हणून दोघं फोन ठेवत. पहिल्या भेटीनंतर हीच दोघं तासतासभर काय बोलत होती, ते आता दोघांनाही आठवत नव्हतं.

दोन्ही आयांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं. लग्नाआधीचे ते फोटो काढायचे नाहीत. "लग्नाच्या आधी मुलीला उचलून कसले फोटो काढायचे?" असं शालिनीताई म्हणाल्या होत्या, आणि हे कानावर गेल्यावर कमलाताई पहिल्यांदाच म्हणाल्या, "बाई समजूतदार आहे हो!"

आज पीयूष नेमका त्याच फोटोंसाठी निघाला होता.

"कंपनीत दुरुस्तीचं शटडाउन आहे," त्यानं चप्पल घालता घालता सांगितलं. "उशीर होईल."

श्रीकृष्णरावांनी वर्तमानपत्राच्या वरून मुलाकडे पाहिलं. "सुखी आहेस," ते म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

---

फोटोग्राफर आशय हा पीयूषचा शाळेपासूनचा मित्र. त्यानं डभोईचा जुना दगडी दरवाजा निवडला होता. कोरीवकाम सुंदर, गर्दी कमी, आणि मुख्य म्हणजे नागरवाडा आणि तरसाली दोन्हीकडचं कोणी तिकडे फिरकण्याची शक्यता नाही. अवंती घरी "मैत्रिणीकडे मेंदीचं बघायला जाते" असं सांगून आली होती. आशयच्या ओळखीच्या एका घरी दोघांनी भाड्याचे कपडे चढवले. पीयूषला सोनेरी शेरवानी आणि अवंतीला असा घागरा, की तो आधी गाडीत बसवावा लागला आणि मग त्यात अवंती.

"मोबाइल, पाकीट, सगळं गाडीत टाक," आशय म्हणाला. "खिसा फुगलेला नवरदेव चांगला दिसत नाही."

उन्हं चढेपर्यंत फोटो चालले.

"पीयूष, तिच्याकडे असं बघ, जणू वाळवंटात पाणी दिसलंय!"

"मला खरंच पाणी हवंय."

"तेच! तोच भाव! हलू नको!"

मग ड्रोन उडवायची वेळ आली आणि ड्रोनची बॅटरी त्या ओळखीच्या घरी चार्जिंगला लावून राहिल्याचं आशयच्या ध्यानात आलं. "पाच मिनिटांत आलो," म्हणून तो गाडी घेऊन गेला. गाडीबरोबर त्यांचे मोबाइल गेले, पाकिटं गेली, रोजचे कपडे गेले आणि पाण्याच्या बाटल्याही गेल्या.

पाच मिनिटांची पंधरा झाली, पंधराची कितीतरी झाली. दरवाज्याची सावली सरकत सरकत पार भिंतीला चिकटली. भाजीवाली हातगाडी थांबवून बघू लागली. एका दुचाकीवरून तिघं गेले, पुढे जाऊन वळले आणि नीट बघायला परत आले.

"तुला आशयचा नंबर पाठ आहे?" अवंतीनं विचारलं.

"आजकाल कोणाला कोणाचा नंबर पाठ असतो? मला फक्त आईचा येतो."

"मलाही आईचाच."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. आता खरंच वाळवंटात पाणी शोधणाऱ्यांसारखी दिसत होती, पण फोटो काढायला कोणी नव्हतं.

शेवटी ती स्टेशनच्या दिशेनं चालू लागली. कुठल्याही माणसाला विचारून एक फोन करावा, एवढाच बेत होता. शेरवानी टोचत होती. घागरा रस्ता झाडत होता. अशा स्थितीत एका जुन्या घराच्या ओट्यावरून मराठीत हाक आली.

"अहो! रस्त्यावर असे उघडपणे फिरू नका. कोणी पाहील. आत या, आत या!"

ओट्यावर पांढरा लेंगा-सदरा घातलेले एक उंच वृद्ध गृहस्थ उभे होते. हे दत्ताजीराव. मामलतदार कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती आणि तेव्हापासून लोकांच्या भल्यासाठी काहीतरी मोठं करावं, ही त्यांची इच्छा तशीच शिल्लक होती.

"कुठून आलात?"

"बडोद्याहून," पीयूष म्हणाला. मराठी ऐकून त्याला हायसं वाटलं होतं.

"घरी माहितीय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "नाही," अवंती प्रामाणिकपणे म्हणाली.

दत्ताजीरावांचा चेहरा उजळला. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहून घेतलं आणि दार लावलं.

"काका, एक फोन करायचा होता," पीयूष म्हणाला.

"करा ना. हा घ्या फोन."

"आईलाच लावते," म्हणत आधी अवंतीनं फोन लावला. पहिली रिंग गेली आणि आपण मेंदी बघायला गेलो आहोत, हे तिला आठवलं. तिनं कापला. मग पीयूषनं लावला. शटडाउनमधून, अनोळखी नंबरवरून, आशयचा नंबर कशाला विचारायचा, याचं उत्तर त्यालाही सापडेना. त्यानंही कापला. दत्ताजीराव हे सगळं पाहत होते. आईला फोन लावायचा आणि धीर न होऊन कापायचा! त्यांचे डोळे पाणावले.

"काका, तुम्हाला वाटतं तसं नाही," पीयूष म्हणाला. "आमचं लग्न ठरलंय."

"ठरलंच पाहिजे! तुम्ही दोघांनी ठरवलं ना? मग ठरलं. तिसऱ्यानं ठरवायचं असतं काय त्यात?"

"तसं नाही, म्हणजे घरच्यांनी..."

"घरच्यांचं माझ्यावर सोडा." त्यांनी आतल्या दिशेला तोंड करून हाक मारली. "मथुरा! दोन पानं वाढ. प्रेमविवाह आहे."

आतून मथुराबाई आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, गुजराती पद्धतीनं पदर घेतलेल्या. पटेलांच्या घरातली मुलगी, लग्नानंतर मराठी शिकलेली. त्यांनी अवंतीच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बाकी काही विचारलं नाही.

"चाल बेटा, हातपाय धुवून घे. पहिलं जमून घ्या. भूक्या पोटी कोणाचं लगन झालं नाही."

जमून घ्या म्हणजे जेवून घ्या, हे बडोद्याच्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पीयूष सकाळपासून उपाशी होता. आधी जेवू आणि मग नीट समजावून सांगू, असा विचार त्यानं केला. दमलेल्या माणसाचे निर्णय असेच असतात.

दोघं मागच्या अंगणात हातपाय धुवायला गेली. दत्ताजीरावांनी फोन उचलला. आत्ताच लावलेले दोन्ही नंबर वरच होते.

---

"बहेन, घाबरू नका," शालिनीताईंच्या कानात एक खणखणीत आवाज म्हणाला. "मी डभोईहून बोलतोय. तुमचा मुलगा सुखरूप आहे."

शालिनीताईंच्या हातातली फेट्याची कापडं खाली पडली. "डभोई? तो तर कंपनीत आहे! काय झालं त्याला?"

"काही झालं नाही. अजून झालं नाही. नवरदेवाच्या वेशात आहे. बरोबर मुलगी आहे."

"मुलगी? कसली मुलगी?"

"चांगली मुलगी आहे. नवरीच्या वेशात आहे. मोठ्या मनानं स्वीकार करा."

"अहो, पण कोण आहे ती? नाव काय तिचं?"

"ते मी सांगणार नाही," दत्ताजीराव करारीपणे म्हणाले. "नाव सांगितलं की माणूस आडनाव विचारतो. आडनाव सांगितलं की जात काढतो. तुम्ही या, मुलीला डोळ्यांनी बघा. स्टेशनच्या रस्त्याला दत्ताजीराव म्हटलं की कोणीही घर दाखवेल."

हेच सगळं त्यांनी तरसालीच्या कमलाताईंनाही सांगितलं. फक्त मुलीच्या जागी मुलगा घातला. मग त्यांनी फोन सरळ बंदच करून ठेवला. राग आणि भात दोन्ही थोडा वेळ झाकून ठेवावेत, असं त्यांचं मत होतं.

नागरवाड्यात शालिनीताई पीयूषला फोनमागून फोन लावत राहिल्या. तीन आठवड्यांवर लग्न, सगळ्या नातेवाइकांना तारीख कळवून झालेली, आणि मुलगा कुठल्याशा मुलीबरोबर नवरदेव होऊन डभोईला! पीयूषचा फोन लागत होता, पण कोणी उचलत नव्हतं.

"मला वाटलंच होतं," श्रीकृष्णराव गाडीची किल्ली शोधत म्हणाले.

"काय वाटलं होतं?"

"हेच, की हा पोरगा कधीतरी पळून जाईल. मुलगी बरोबर घेऊन जाईल, असं नव्हतं वाटलं."

इतक्यात फोन वाजला. कमलाताई! शालिनीताईंनी श्रीकृष्णरावांना हातानं गप्प बसायची खूण केली. त्यांना कळलं की काय? तिकडे कमलाताईंची धास्ती त्याहून मोठी होती. अवंतीच्या सासरी कळण्याआधी मुलीला परत आणायचं होतं, पण सासरच्यांना काही कळलं तर नाही ना, हे आधी चाचपून बघायला हवं होतं.

"काही नाही, सहज फोन केला," कमलाताई कमालीच्या गोड आवाजात म्हणाल्या. "तब्येत काय म्हणते?"

"उत्तम! तुमची?"

"माझीपण उत्तम! पीयूषराव कामावर असतील ना?"

"हो, हो! कंपनीतच. शटडाउन. बाहेर पडताच येत नाही त्याला. आणि अवंती?"

"मेंदी! मेंदीचं बघायला गेलीये. मैत्रिणीकडे. बाईच आहे ती मैत्रीण."

आपल्या घरावर येऊ घातलेल्या नाचक्कीपुढे हॉल काय आणि श्रीखंड काय, असं दोघींनाही एकदमच वाटलं असावं.

"शालिनीताई, मी काय म्हणते, लग्न तुमच्याच हॉलमध्ये करू. जुना आहे, पण पवित्र आहे."

"छे, छे, कमलाताई! पार्टी प्लॉटच चांगला. मोकळी हवा. तुमच्या पाहुण्यांच्या गाड्या कुठे लागणार?"

"गाड्या काय, लागतात कुठेपण. आणि श्रीखंड-पुरीच ठेवा तुम्ही."

"असं कसं? बट्टी हवीच! मला तर बट्टी फार आवडते!"

महिनोन्‌महिने जे सुटलं नव्हतं ते एका फोनवर सुटलं, उलट बाजूनं. फोन ठेवून दोन्ही कुटुंबं डभोईच्या रस्त्याला लागली.

---

इकडे मथुराबाईंनी वाढलेल्या दाळढोकळीनं पीयूषच्या जिवात जीव आला होता. अंगणातल्या झोपाळ्यावर ताटली मांडीवर घेऊन दोघं बसली. दत्ताजीराव ओट्यावर पहारा देत होते.

"एक सांगू?" अवंती म्हणाली. "तुला फोटोंची इतकी हौस असेल, असं मला वाटलं नव्हतं."

"मला? अगं, आशय म्हणाला तुला हौस आहे. तू आयुष्यभर बोलून दाखवशील, म्हणाला."

"मला म्हणाला, पीयूष लाजाळू आहे, सांगणार नाही, पण मनातून त्याला खूप वाटतंय."

दोघांनी चमचे खाली ठेवले. मग अवंती हसायला लागली. घागऱ्यावर दाळ सांडली तरी थांबेना. पीयूषला आठवलं, पहिल्या भेटीत ती अशीच हसली होती आणि तिथेच त्याचं ठरलं होतं. त्यानंतर मेनू आला.

"तुझ्याकडे काय नवीन?" त्यानं विचारलं. "म्हणजे लग्न सोडून."

"आमच्या शाळेच्या नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. मीच बसवलं होतं."

"कधी?"

"झाले बरेच दिवस. सांगणार होते, पण तू बँडचं विचारायला फोन केला होतास."

पीयूषनं ताटली बाजूला ठेवली. तो म्हणाला, "मग आता सांग. पहिल्यापासून."

तिनं सांगितलं. राजाच्या मिशा भर प्रवेशात सुटून प्रधानाच्या हातात कशा आल्या, इथपर्यंत ती आली होती, तेव्हा मथुराबाई ताक घेऊन बाहेर आल्या. दत्ताजीरावांनी काय करून ठेवलंय, हे त्यांच्याकडूनच दोघांना कळलं.

"तुमचे आई-बाप निघाले असतील आता," त्या म्हणाल्या. "साहेबांनी दोन्हीकडे फोन लावला. चिंता नको. साहेब बोलण्यात पक्के आहेत."

पीयूषनं ताकाचा पेला न पिताच खाली ठेवला.

---

डभोईत स्टेशनच्या रस्त्याला एका बाजूनं श्रीकृष्णरावांची गाडी आली आणि दुसऱ्या बाजूनं संपतरावांची रिक्षा. कमलाताईंचे यजमान संपतराव मकरपुऱ्याच्या कारखान्यात फोरमन होते आणि बायको बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता. दोन्ही विहिणी एकाच घरासमोर उतरल्या आणि एकमेकींना पाहून जागच्या जागी थिजल्या.

"अय्या! तुम्ही इथे?"

"आम्ही... देवीच्या दर्शनाला. आणि तुम्ही?"

"आम्हीपण देवीलाच!"

"देऊळ तर तिकडे आहे ना?"

"हो ना. तुम्ही व्हा पुढे. आम्ही येतोच."

"नको, तुम्हीच व्हा. मान तुमचा."

दोघींपैकी कोणीही हलेना. शालिनीताई दाराच्या एका बाजूला उभ्या राहिल्या, कमलाताई दुसऱ्या. आत जे काही आहे ते समोरच्या बाईला दिसता कामा नये, म्हणून दोघींनी पदर पसरले होते. तेवढ्यात दार उघडलं.

"या! दोन्ही पक्ष एकदम! याला म्हणतात मोठं मन!" दत्ताजीरावांनी हात जोडले.

"दोन्ही पक्ष म्हणजे?" कमलाताईंनी विचारलं, पण तोवर शालिनीताई त्यांना ढकलून आत घुसल्या होत्या. अंगणात पीयूष उभा होता. त्याच्यामागे अवंती उभी होती. शालिनीताईंनी अवंतीला एका हातानं बाजूला सारलं आणि झोपाळ्यामागे पाहिलं.

"कुठे आहे ती?"

"कोण?" पीयूषनं विचारलं.

"ती! ती मुलगी!"

"आई, मीच आहे," अवंती म्हणाली.

"तू नाही गं, तू चांगली आहेस. ती दुसरी कुठे आहे? आणि तू इथे कशी? तुला कोणी सांगितलं? रडू नकोस हं, आम्ही तुझ्याच बाजूनं आहोत!"

मागून कमलाताई आल्या. त्यांनी पीयूषला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "पीयूषराव, तुम्हालाही कळलं? मारामारी करू नका! तो मुलगा कुठे आहे, ते आधी सांगा!"

सगळं उलगडायला बराच वेळ लागला. फोटोंचं निघालं, आशयचं निघालं, शटडाउन आणि मेंदी दोन्ही बुडाली. शेवटी जेव्हा पीयूष अवंतीबरोबर पळाला होता आणि अवंती पीयूषबरोबर, हे सगळ्यांच्या डोक्यात शिरलं, तेव्हा शालिनीताईंनी अवंतीचे मुके घेतले आणि कमलाताई पीयूषच्या शेरवानीला डोकं टेकून रडल्या.

एकटे दत्ताजीराव खुर्चीत बसून राहिले होते.

"म्हणजे हे... ठरवून?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं. "पत्रिका बघून?"

"हो, काका," पीयूष ओशाळून म्हणाला. "चोवीस गुण जुळले."

"मी हार सांगितले होते," दत्ताजीराव म्हणाले. "भटजींना पण निरोप गेलाय." मग मथुराबाईंकडे पाहत म्हणाले, "आमच्या वेळी, पळून लग्न केलं तेव्हा, आम्ही दोन दिवस दार उघडं ठेवून बसलो होतो. दोन्हीकडून कोणी शोधायलासुद्धा आलं नाही. आज तुम्ही चौघं धावत आलात ते बघून बरं वाटलं. रागावून आला असाल, पण आलात."

मथुराबाईंनी पदरानं डोळे टिपले. कमलाताई उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. "लग्नाला तुम्ही दोघं यायचं," शालिनीताई म्हणाल्या. "घरचे म्हणून यायचं. पत्रिका आम्ही स्वतः आणून देऊ."

"येणारच," दत्ताजीराव चटकन सावरून म्हणाले. "लग्न कुठे आहे?"

"पार्टी प्लॉटवर," कमलाताई म्हणाल्या. "शालिनीताईंनीच सांगितलं तसं मघाशी."

शालिनीताई एकदम वळल्या. "मी? ते मी... तुम्ही आधी म्हणालात हॉल! पवित्र म्हणालात!"

"मी माझ्या मुलीच्या काळजीत म्हणाले!"

"आणि मी काय माझ्या मुलाच्या आनंदात म्हणाले?"

"बट्टी फार आवडते, असंही म्हणालात!"

"म्हणजे खायला आवडते! लग्नात आवडते, असं कुठे म्हणाले?"

दत्ताजीरावांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांना पुन्हा उभारी आली होती. "थांबा, थांबा. दोन्ही पक्षांनी आपलं म्हणणं माझ्यासमोर मांडा. कचेरीत मी याहून मोठी प्रकरणं मिटवलीयेत." श्रीकृष्णराव आणि संपतराव एव्हाना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी दाळढोकळीचं ताट घेऊन बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच एकमेकांशी मनमोकळं बोलत होते.

याच गोंधळात आशय आला. गावाबाहेर टायर फुटला, स्टेपनीतही हवा नव्हती, असं तो सांगू लागला. त्यानं दोघांच्या पिशव्या आणि मोबाइल पीयूषच्या हातात दिले, तोच दोन्ही विहिणींचं त्याच्याकडे लक्ष गेलं आणि त्यांचं पुन्हा एकमत झालं.

"हाच का तो फोटोवाला?"

पीयूषनं अवंतीकडे पाहिलं. अवंतीनं मागच्या दाराकडे पाहिलं. मथुराबाईंनी काही न बोलता मागच्या दाराची कडी काढली.

बस स्टँडवर बडोद्याची गाडी उभीच होती. घागरा दारातून आत घ्यायला कंडक्टरनं मदत केली आणि तिकिटं फाडता फाडता, पळून चाललात की काय, असं गुजरातीत विचारलं, "भागी ने जाव छो?"

"ना, भाई," पीयूष म्हणाला. "घरेज जइए छीए." घरीच तर चालली होती दोघं.

बस सुटली. खिडकीतून गार वारा येऊ लागला. अवंतीनं प्रधानाच्या हातातल्या मिशांपासून नाटक पुढे सुरू केलं. पीयूषनं सीटला डोकं टेकलं. ऐकता ऐकता त्याचे डोळे मिटत होते आणि आज त्याला त्याची लाज वाटत नव्हती. अर्ध्या रस्त्यात त्याचा फोन वाजला.

"अरे, कुठे आहेस तू?" शालिनीताईंचा आवाज आला. मागे चार-पाच जणं एकदम बोलत होती.

"पळून चाललोय, आई."

"कोणाबरोबर?"

"अवंतीबरोबर."

"हां, मग ठीक आहे," शालिनीताई म्हणाल्या. "जाताना दूध घेऊन जा. आम्हाला उशीर होईल, हॉलचं अजून ठरायचंय."